खारकोव्ह, बूथ तीन

भाषा कळत नसली तरी कानाला किती गोड लागते, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकं फिरतं. परवा नातीची मैत्रीण म्हणाली. कोरियन गाणी कानात घालून आमच्या अंगणात बसली होती. शब्द एक कळत नव्हता आणि डोळे मिटून डोलत होती. मी तिच्या पुढ्यातला चहा उचलला आणि घरी जा म्हटलं. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. न बोलू दे. मला सत्त्याहत्तर वर्षं झाली, एवढा राग धरायचा हक्क मी कमावला आहे.

त्या रागाचं कारण घरात कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला थोडंफार ठाऊक होतं, तो गेला. आता सांगून टाकते.

मी ताश्कंदमध्ये परगावी फोन करायच्या हॉलमध्ये टेलिफोनवाली होते. घरात फोन असणारी माणसं तेव्हा मोजकी. बाकी सगळे आमच्याकडे यायचे, खिडकीत चिठ्ठी द्यायचे. नाव, गाव, नंबर, किती मिनिटं. मग बाकावर बसायचे. लाइन लागली की मी माइकवर पुकारायची, "समरकंद, बूथ पाच!" आणि तो माणूस टोपी सावरत धावायचा. सात बूथ होते. तिसऱ्याचं दार अडकायचं, खांदा लावून ढकलावं लागायचं. दुरुस्तीचा अर्ज मी तीन वेळा केला होता.

लाइन लागली का तेवढं ऐकायचं आणि लगेच कळ वर करून आपला कान काढून घ्यायचा, असा नियम होता. तो कुणी पाळत नव्हतं. माझ्या शेजारची पोलिना घटस्फोट ऐकायची आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना रंगवून सांगायची. दुसरी एक कोण कुणाला काय पाठवतंय ते ऐकायची आणि नेमकी त्या दुकानात जाऊन उभी राहायची. मी त्या दोघींकडे नाक मुरडून बघायची, कारण मी दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसत नव्हते. मी फक्त न कळणाऱ्या भाषा ऐकायची.

आणि तशा भाषा आमच्याकडे ढिगाने होत्या. शहरात शिकायला देशोदेशीची मुलं आलेली. क्यूबाची, व्हिएतनामची, लाओसची, अरब मुलं, आफ्रिकेतली. मॉस्कोला, कीव्हला शिकणाऱ्या आपल्या गाववाल्यांशी ती बोलायची आणि मोकळेपणाने बोलायची, कारण त्यांचं बोलणं इथे कुणाला कळणार होतं? खिडकीत आली की त्यांचा सलाम मी त्यांच्याच भाषेत, एकदा ऐकून जसाच्या तसा परत करायची. व्हिएतनामची एक मुलगी बोलायची ते खाली-वर असं जायचं की कळ वर करायला माझं बोट उठायचंच नाही. घरी मला सासूबाई, दीर, नवरा आणि दोन मुलं होती. चहा आण, नान भाजलेस का, पोरगं का रडतंय, हौद कुणी भरायचा. मला कळणाऱ्या भाषेत माझ्यासाठी नुसती कामं होती. न कळणाऱ्या भाषेत मला कुणी काही आणायला सांगत नव्हतं.

एवढंच असतं तर ठीक होतं. पण मी त्यावर शेफारले. आमच्या हॉलमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक खेळ चालायचा. पोलिना हेडफोन दुसरीच्या कानाला लावायची, बूथमधला माणूस 'आलो', म्हणजे आमच्याकडचं हॅलो, म्हणाला की लगेच काढायची. तेवढ्या एका शब्दावरून गिऱ्हाईक कोण, बूथ कुठला, गाव कुठलं ते सांगायचं. जी आधी सांगेल तिला हरलेलीचा सोमसा, म्हणजे आमचा तंदुरी समोसा. बाकीच्या आपल्या लोकांना ओळखायच्या. मी परदेशी पोरांनाही ओळखायची. सहा वर्षं मी हरले नाही. पोलिना म्हणायची, "या बाईला कान नाहीत, शिकारी कुत्रा आहे डोक्याला बांधलेला." मला ते कौतुक वाटायचं. आता वाटतं, बाईने मला नेमकं ओळखलं होतं.

तो बुधवारी यायचा. दर बुधवारी चार वाजता, खारकोव्ह. काळा, उंच, बारीक, तेवीस-चोवीस वर्षांचा. पाटबंधाऱ्यांचं शिकत होता. आमची भाषा त्याने बाजारात टरबूजवाल्यांकडून उचललेली, त्यामुळे बोलायचा अगदी टरबूजवाल्यासारखा. मला 'ओपा' म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. चिठ्ठीवर नाव लिहायचा 'करीमोव्ह', आमच्याकडे गल्लोगल्ली सापडणारं आडनाव. ओळखपत्र आम्ही मागत नव्हतो. मी म्हणायची, "करीमोव्ह, तू माझ्या चुलत्याचा कोण लागतोस?" तो म्हणायचा, "ओपा, उन्हात जास्त वेळ राहिलेला पुतण्या." बाकावरची म्हातारी माणसंसुद्धा हसायची.

त्याच्या भाषेसारखी भाषा मी कुठलीच ऐकली नव्हती. बोलता बोलता मध्येच घशात एक अक्षर फुटायचं, जर्दाळूची बी दगडाने फोडावी तसं, आणि लगेच पुढचं मऊ. फोन लागला की पहिलं वाक्य नेहमी एकच. एक प्रश्न, शेवट वर उचललेला. मग पलीकडून थोडा वेळ काहीच नाही, आणि मग हळू आवाजात उत्तर. तो प्रश्न मला पाठ झाला. कणीक मळताना मी तो गुणगुणायची. सासूबाई विचारायच्या, कसलं गाणं आहे गं? मी म्हणायची, विलायती आहे.

ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्हीही ते दोनदा मोठ्याने म्हणून बघाल आणि म्हणाल, वा, काय गोडवा आहे.

एकदा हिवाळ्यात तो बूथमधून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. हॉल रिकामा होता. खिडकीशी आला, जास्तीच्या मिनिटांचे पैसे चुकते केले आणि हळूच म्हणाला, "ओपा, तुम्ही ऐकता ना मधून?"

मी लाजले. म्हटलं, "कळत नाही रे मला काही. नुसतं ऐकायला बरं वाटतं."

"मी काय बोललो ते सांगू?"

आणि मी हसून म्हटलं, "नको. अर्थ कळला की मजा जाते."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "बरं. मग नुसतं ऐका." आणि गेला. त्या पोराला कुणालातरी सांगायचं होतं. अख्ख्या शहरात त्याला माझी खिडकी सापडली होती, आणि मी ती त्याच्या तोंडावर आपटली. हसून आपटली. हे आठवलं की आजही मला माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

पुढच्या वसंतात, अठ्ठ्याहत्तर साली, एका सोमवारी फरीदा गालिमोव्हनाने मला वर बोलावलं. ही आमची मुख्य. केसांचा डोंगर, ओठांना लाली आणि साहेब दिसला की आवाजात मध. वरच्या सभेच्या खोलीत टेबलावर चहा, मिठाई आणि मोठा टेपरेकॉर्डर होता. एक माणूस बसला होता. चाळिशीतला, सर्दी झालेला, सारखा रुमाल काढत होता. फरीदा म्हणाली, रेडिओवर कुशल कामगार महिलांचा कार्यक्रम होणार आहे, तुझ्या कानांबद्दल मीच यांना सांगितलं. माझ्याकडे बघत ती अशी हसत होती की जणू मला तिनेच आपल्या परसात पिकवलं होतं.

त्या माणसाने मला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. आमच्यात पाहुण्याला मान द्यायचा तर पियाली अर्धीच भरतात. त्याने अर्धीच भरली. फरगानाचा होता, बोलणं गोड. म्हणाला, चला, खेळूया.

पहिल्या टेपवर एक माणूस खेकसला. मी म्हटलं, "बूथ एक, मॉस्को, शनिवार. कापूस खात्यातला." तो म्हणाला शाब्बास. दुसरी ती व्हिएतनामची मुलगी. शाब्बास. तिसरी बुखाराला लेकीशी बोलणारी विधवा. शाब्बास, शाब्बास. फरीदाने टाळी वाजवली. माझे कान गरम झाले होते. घरी मला शाब्बास कोण म्हणत होतं? चौथ्या टेपवर खोलीभर माणसांची कुजबुज होती, खुर्च्या सरकत होत्या, आणि कुणीतरी उभा राहून मोठ्याने काहीतरी वाचून दाखवत होता. फोनवरचा आवाज नव्हताच तो. पण दुसऱ्याच शब्दात घशातली ती बी फुटली, आणि आधी सांगेल त्याला सोमसा मिळतो या सवयीने मी म्हणाले, "बूथ तीन, बुधवार, खारकोव्ह."

त्याने मशीन बंद केलं. या वेळी शाब्बास म्हणाला नाही. खिशातून वही काढून त्याने ते तीन शब्द लिहिले.

"चिठ्ठीवर नाव काय लिहितो?"

"करीमोव्ह," मी म्हटलं आणि हसले. तो हसला नाही. फरीदा खिडकीबाहेर बघायला लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रेडिओवाले असं लिहून घेत नाहीत.

"कदाचित तो नसेलही," मी म्हटलं. "टेपवर आवाज बदलतात."

"तुमचा कान चुकत नाही," तो रुमाल घडी घालत म्हणाला. "फरीदा गालिमोव्हना सांगतात, सहा वर्षांत एकदा नाही." मग एक कागद पुढे केला. इथलं बोलणं कुणाजवळ काढणार नाही. मी सही केली. पियालीतला चहा अजून गरम होता, इतक्या लवकर हे सगळं उरकलं.

घरी येऊन नवऱ्याला मी निम्मं सांगितलं. तो म्हणाला, "तू त्याला ओळखतेस का? नाही ना? मग गप्प बस." मी त्याच्याशी भांडले, म्हटलं, ओळखते. तो म्हणाला, नाव सांग. मला सांगता येईना. दीड वर्ष त्या पोराचा आवाज मी मिटक्या मारत ऐकला होता. तो जेवणापूर्वी फोन करतोय की जेवणानंतर, तेही मला आवाजावरून कळायचं. आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. राहतो कुठे ते माहीत नव्हतं. तो कुठल्या देशाचा तेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. मजा जाईल म्हणून.

मंगळवारी माझी सकाळची पाळी. सुटल्यावर ट्राम पकडून विद्यार्थ्यांच्या वस्तीत गेले. हॉस्टेलामागे हॉस्टेलं. काळी मुलं कुठे राहतात, असं मी रखवालदारणीला विचारलं. तिने मला वरून खालपर्यंत असं न्याहाळलं की धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी काय सांगणार? बुधवारी खारकोव्हला फोन करणारा एक उंच मुलगा पाहिजे. चार दारं ठोठावली. नायजेरियाची मुलं निघाली, सुदानची निघाली. पाचव्या दारात जाड चष्म्याचा एक मुलगा उभा राहिला. आतल्या कुणाला तरी त्याने मागे वळून दोन शब्द सांगितले आणि मी ती भाषा ओळखली.

मी रशियनमध्ये म्हटलं, मी टेलिफोन हॉलमधून आले आहे. त्याचा चेहरा मख्ख झाला. म्हणाला, इथे कुणी खारकोव्हला फोन करत नाही. मी पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा तेच. दार लावायला लागला. मग मला दुसरं काही सुचेना, मी ते वाक्य म्हटलं. दर बुधवारचा तो पहिला प्रश्न, जसाच्या तसा, शेवट वर उचलून.

त्याचा हात दारावरच थांबला. आतला मुलगा पलंगावरून उठून उभा राहिला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तो दर बुधवारी हेच विचारतो. याचा अर्थ काय?"

"'या आठवड्यात कुणाला नेलं?'" चष्मेवाला म्हणाला.

 कणीक मळताना, पोराला झोपवताना, मी हे गुणगुणलं होतं.

मग त्यानेच दोन वाक्यांत सांगितलं. त्यांच्या इथिओपियात नवं सरकार आलं होतं, आमच्या सरकारचं दोस्त. त्याच्याविरुद्ध जो बोलेल त्याला इथूनही परत पाठवत होते. विमानतळावर गाडी उभी असते, म्हणाला, आणि त्या गाडीतून गेलेलं कुणी पुन्हा दिसत नाही. मी म्हटलं, मग त्याला सांगा, उद्या हॉलमध्ये येऊ नकोस. येऊ नकोस म्हणावं, तिथे त्याची वाट बघताहेत.

चष्मेवाल्याने माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं. "आणि मी कुणाच्या दाराशी जाऊन हे सांगतो, ते तुमच्या मागून आलेला माणूस बघेल. नाही का?"

"माझ्या मागे कुणी नाही."

"नसेल. पण तुम्ही आमचं सगळं ऐकता," तो म्हणाला आणि त्याने दार लावलं.

मी त्या बंद दारावर दोन थापा मारल्या. मला त्या चष्मेवाल्याचा इतका राग आला की ट्राममध्ये मी एका म्हातारीशी विनाकारण भांडले. पण त्याचं काय चुकलं होतं? माझ्यासारखी बाई माझ्या दाराशी आली असती, तर मीही दार लावलं असतं.

बुधवारी तो सर्दीवाला तीन वाजताच आला. माझ्या खुर्चीमागे कपाटाच्या आडोशाला उभा राहिला, खिडकीतून दिसणार नाही असा. बाहेर बाकावर दोघं वर्तमानपत्र वाचत होते. फरीदा रजेवर होती, दात दुखतो म्हणे. पोलिनाने एकदा माझ्याकडे, एकदा मागे बघितलं आणि हेडफोन घालून आपल्या स्विचबोर्डाकडे वळली, ती पुन्हा मागे वळलीच नाही.

चारला तो आला. टोपी हातात, नवा शर्ट घातलेला. चिठ्ठी दिली. करीमोव्ह, खारकोव्ह, तीन मिनिटं.

मी म्हटलं, "आज खारकोव्हची लाइन नाही. जा तू."

"मी थांबतो ओपा. मला घाई नाही."

"दिवसभर लागणार नाही. जा म्हणते ना."

मागून अगदी हळू आवाज आला, "लाइन आहे. पुकारा त्याला." पाठीशी रुमालाचा वास येत होता. मला दोन मुलं होती. मी माइक ओढला आणि पुकारलं, "खारकोव्ह, बूथ तीन." त्याने खांदा लावून दार ढकललं, ते अडकलं, बाकावरच्या दोघांतल्या एकाने उठून त्याला हात दिला. तो त्याला धन्यवाद म्हणाला.

खारकोव्ह लागायला अजून अर्धं मिनिट होतं. त्याने फोन उचललेला मला दिसला. आता त्याच्या कानाशी मी होते आणि हेडफोनमधलं मागच्या माणसाला ऐकू येणार नव्हतं. पण मी बोलेन ते ऐकू येणार होतं. उझ्बेक बोलले असते, रशियन बोलले असते, तर मागच्याला कळलं असतं. न कळणारं एकच वाक्य माझ्याजवळ होतं. मी ते म्हटलं. या आठवड्यात कुणाला नेलं?

"काय बोललात?" सर्दीवाल्याने मागून लगेच विचारलं.

"सलाम केला," मी म्हटलं. "मी सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत करते. फरीदा गालिमोव्हनाला विचारा."

तो हसला. "हो, तुमचा छंद."

हेडफोनमध्ये नुसता श्वास येत होता. काचेतून मला दिसलं की बूथमधून त्याने एकदा बाकाकडे बघितलं, ते दोघं वर्तमानपत्रं घडी करून उठायच्या बेतात होते. मग तो बोलला. त्याच्या भाषेत, एक वाक्य. घाई न करता, शब्द शब्द सुटा करून. बी फुटायची ते अक्षर त्यात दोनदा होतं. तेच वाक्य त्याने पुन्हा एकदा म्हटलं, आणखी सावकाश. मला वाटलं, निरोप घेतोय. वाटलं, ओपाला ऐकायला आवडतं म्हणून जाता जाता देऊन जातोय. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि तरी, लाज वाटते सांगायला, मला ते सुंदर वाटलं.

त्याने फोन ठेवला. दार उघडायला तो स्वतः थोडा झटला. दोघं उठले, एक उजवीकडून, एक डावीकडून. तिघं रांगेत उभ्या असलेल्या माणसांसारखे शांतपणे हॉलबाहेर गेले. त्याने खिडकीकडे बघितलं नाही.

आणि खारकोव्ह लागलं.

"आलो?" एक पोरगेला आवाज. तशीच भाषा, तसाच घसा. मग त्याने आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. थांबला. "आलो? आलो?"

"ग्राहक आलेला नाही म्हणा," मागून आवाज आला.

नेहमीचं वाक्य होतं ते, दिवसातून वीस वेळा म्हणायचं. मी रशियनमध्ये म्हटलं, "ग्राहक आलेला नाही." त्या पोराने ऐकून घेतलं, पण फोन ठेवला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मागच्या माणसाने वहीत वेळ लिहिली आणि जाता जाता माझ्या टेबलावर मिठाईचा छोटा पुडा ठेवला. दाराशी पोहोचला, गेला. पोरगा अजून लाइनवर होता. आलो, म्हणाला. मी कळ वर केली.

गुरुवारी सुट्टी घेऊन मी पुन्हा त्या पाचव्या दाराशी गेले. चष्मेवाला दार उघडेना. आत होता, पावलं ऐकू येत होती. मी दाराला तोंड लावून कालचं वाक्य म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही.

दार उघडलं. त्याचे डोळे सुजलेले होते. "आत या," म्हणाला. खुर्ची दिली, स्वतः उभाच राहिला. त्याचं नाव गिर्मा. बुधवारच्या मुलाचं नाव असरात होतं, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. त्यांच्या भाषेला अम्हारिक म्हणतात, तेही तिथेच. खारकोव्हला असरातचा धाकटा भाऊ शिकत होता, तेकले. एकोणीस वर्षांचा.

"मी मंगळवारी असरातकडे गेलो नाही," गिर्मा म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही त्यांच्याच आहात."

"मी त्यांचीच होते," मी म्हटलं. "टेपवर त्याचा आवाज मीच ओळखला."

 त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्याने विचारलं, हे वाक्य असरात तुम्हाला कधी बोलला? मी सगळं सांगितलं. कपाटाआडचा माणूस, माझा सलाम, त्याचं सावकाश बोलणं, दोनदा बोलणं. मग पलीकडून पोरगा आलो म्हणाला आणि ग्राहक आलेला नाही असं मी म्हटलं, तेही सांगितलं.

गिर्मा हळूहळू पलंगावर बसला.

"ते तुमच्यासाठी नव्हतं," तो म्हणाला. "पहिलाच शब्द तेकले आहे. 'तेकले, फोन ठेव आणि आहेस तसा निघ, खोलीवर जाऊ नकोस.' तुम्हाला कळणार नाही हे असरातला ठाऊक होतं. ती बाई अर्थ विचारत नाही, म्हणायचा, पण एकदा ऐकलं की जसंच्या तसं म्हणते. म्हणून तर दोनदा बोलला."

मी विचारलं, तेकले आता कुठे आहे?

"खारकोव्हहून निरोप आला, काल संध्याकाळी सहाला नेला. दोन तास फोनपाशीच उभा होता. पुन्हा वाजेल म्हणून."

त्या दोघा भावांना पंधरा दिवसांत विमानात बसवलं. पुढे गिर्माने कितीतरी वर्षं त्यांच्या घरी पत्रं लिहिली. एकाही पत्राला उत्तर आलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी गिर्माने चष्मा काढला आणि मला म्हणाला, "पुन्हा एकदा म्हणा." मी म्हटलं. त्याने डोळे मिटून घेतले.

"अगदी त्याच्यासारखं म्हणता," तो म्हणाला. "तो सर्दीवाला पुन्हा हसला असता, तुमचा छंद म्हणाला असता, आणि गेला असता. तो गेल्यावरसुद्धा तेकले लाइनवर होता ना? मग त्याच्या कानात का नाही म्हणालात?"

  तेकले माझ्या कानाशी आलो, आलो करत होता, आणि मी त्याच्या भावाचं ते वाक्य मनातल्या मनात घोळवत होते, त्यातलं एकही अक्षर विसरू नये म्हणून.